ब्रायटनचा विवस्त्र किनारा: एका दिवसाची सहल

लंडनहून रेल्वेने साधारण तासाभरात ब्रायटन येतं. तिथल्या पिअरपासून पूर्वेला, मरीनाच्या दिशेने चालत गेलं की या किनाऱ्याची पाटी दिसते. 1980 साली नगरपालिकेने हा किनारा विवस्त्र स्नानासाठी खुला केला. त्या वेळी विरोध बराच झाला होता. आज मात्र तो शहराचा सहज भाग वाटतो, आणि मला हेच फार आवडतं.

इथे वाळू नाही, सगळे गोटे! उन्हात ते तापतात, म्हणून पाण्यात चालतील अशा चपला हव्यातच. बसायला मोठा टॉवेल घ्या. टॉवेलवरच बसायचं, हा जगभरच्या अशा किनाऱ्यांचा पहिला शिष्टाचार. कॅमेरा पिशवीतच ठेवा, कुणाकडे टक लावून पाहू नका. कपडे काढायची सक्ती नाही. सनस्क्रीन मात्र सढळ हाताने लावा, कारण एरवी झाकलेली त्वचा पटकन भाजते.

इंग्लंडमध्ये नुसतं विवस्त्र असणं गुन्हा नाही. इतरांना त्रास देण्याचा हेतू असेल तर तो गुन्हा ठरतो. आपल्याकडे, अगदी गोव्यातही, सार्वजनिक किनाऱ्यावर याला परवानगी नाही, हे लक्षात असू द्या.

पहिली पाच मिनिटं अवघड जातात. मग कुणी पुस्तक वाचत असतं, कुणी डबा उघडतं, आणि अंगावर थेट वारा लागतो.