व्यायामासाठी चालणे

व्यायामासाठी चालणे म्हणजे प्रकृती राखण्याच्या हेतूने नियमितपणे व ठरावीक वेळ केलेले चालणे होय. या व्यायामाला साधनांची गरज नसते आणि तो बहुतेक सर्व वयांत करता येतो. तो प्रामुख्याने पदपथ, उद्याने, टेकड्या व समुद्रकिनारे अशा सार्वजनिक ठिकाणी केला जात असल्याने, त्या जागा इतरांसह वापरण्याचे काही संकेतही त्याच्याशी जोडले गेले आहेत. महाराष्ट्रात रात्रीच्या जेवणानंतर थोडे चालण्याच्या प्रथेस शतपावली म्हणतात.

शरीरावरील परिणाम

चालताना कोणत्याही क्षणी किमान एक पाऊल जमिनीवर टेकलेले असते, तर धावताना दोन्ही पावले क्षणभर अधांतरी असतात. त्यामुळे चालताना सांध्यांवर होणारा आघात धावण्याच्या तुलनेत कमी असतो. पोटरीच्या स्नायूंचे आकुंचन पायांतील रक्त हृदयाकडे परत ढकलण्यास साहाय्य करते. कार्यरत स्नायू रक्तातील ग्लुकोज वापरतात. म्हणून जेवणानंतर चालल्यास रक्तशर्करेची वाढ मर्यादित राहण्यास मदत होते.

शारीरिक हालचाल व हृदयविकार यांच्या संबंधाचा एक आरंभीचा अभ्यास ब्रिटिश वैद्यक जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये, बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकाराचे प्रमाण कमी असल्याचे त्यात आढळले.

प्रमाण व गती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल करावी. भरभर चालणे या प्रकारात मोडते. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम तीव्रतेची सोपी खूण मानली जाते. प्रौढांसाठी हा वेग साधारणपणे मिनिटाला १०० पावले इतका असतो.

दररोज १०,००० पावले चालण्याचे लोकप्रिय उद्दिष्ट मात्र वैद्यकीय संशोधनातून आलेले नाही. टोकियो येथील १९६४ च्या ऑलिंपिक स्पर्धांनंतर, १९६५ साली जपानमध्ये 'मानपोकेई' (दहा हजार पावलांचा मापक) या नावाचे उपकरण विक्रीस आले आणि त्या नावातून ही संख्या रूढ झाली. पुढील संशोधनात याहून कमी पावलांनीही आरोग्यास लाभ होत असल्याचे दिसून आले आहे.

सार्वजनिक वाटांवरील शिष्टाचार

वाट सर्वांना मोकळी व सुरक्षित राहावी, हा या संकेतांचा मूळ हेतू आहे. त्यांतील प्रमुख संकेत पुढीलप्रमाणे :

* समूहाने चालताना संपूर्ण वाट अडवू नये; समोरून कोणी आल्यास एकामागोमाग व्हावे.
* बोलण्यासाठी किंवा भ्रमणध्वनी पाहण्यासाठी थांबायचे असल्यास वाटेच्या कडेला यावे.
* मागून पुढे जाताना आवाज देऊन सूचना करावी. सामायिक मार्गावर सायकलस्वाराने पादचाऱ्यास प्राधान्य द्यावे.
* संगीत ऐकताना मागून येणाऱ्याची चाहूल लागेल इतपत आवाज ठेवावा. ध्वनिवर्धकावर गाणी लावू नयेत.
* कुत्र्यास आखूड पट्ट्याने बांधून न्यावे व त्याची विष्ठा उचलावी.
* टेकडीवरील अरुंद पायवाटेवर सामान्यतः उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी. वळणे टाळून आडवाटा पाडू नयेत. त्यामुळे गवत नष्ट होऊन पावसात मातीची धूप वाढते.
* दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या उंचवट्यांच्या फरश्यांवर उभे राहू नये किंवा वाहन लावू नये.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालणे सुरक्षित समजले जाते. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने ही बाजू उजवी ठरते. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ सालच्या व्हिएन्ना करारातही असेच तत्त्व आहे. अंधारात फिकट रंगाचे किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे उपयुक्त ठरतात.

पदपथ व पादचाऱ्यांचे हक्क

शिष्टाचार पाळण्यासाठी मुळात चालण्याजोगी जागा असावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे म्हटले आहे. एवढ्या जागेत चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींशेजारून जाऊ शकतात. पदपथावरून वाहन चालवण्यास भारतात मनाई आहे. ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हे पादचाऱ्यांच्या सोयीसाठी असल्याचे नमूद केले. त्याच निकालात पदपथवासीयांचा उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्काचा भाग मानून, त्यांना हटवण्यासाठी न्याय्य कार्यपद्धती आवश्यक ठरवली. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले.

उभी केलेली वाहने, बांधकामाचे साहित्य किंवा उखडलेल्या फरश्या यांमुळे पदपथ वापरता न आल्यास पादचाऱ्यांना वाहनांच्या मार्गात उतरावे लागते. याचा सर्वाधिक धोका वृद्ध, बालके व अपंग व्यक्तींना असतो. परिणामी, ज्यांना चालण्याच्या व्यायामाचा मोठा लाभ होऊ शकतो त्या ज्येष्ठांनाच अनेकदा घराबाहेर चालणे अवघड होते.