ओटीपोटाची सोनोग्राफी

डॉक्टर म्हणतात, "ओटीपोटाची सोनोग्राफी करून आणा." हे ऐकले की पुष्कळ बायांच्या पोटात गोळा येतो. यंत्र चटका देणार का? काही कापणार का? नाही, तसे काही नाही. यात सुई नाही की सुरी नाही.

ही तपासणी आवाजाने होते. विहिरीत वाकून हाक मारली, तर हाक परत येते ना? तसेच हे यंत्र पोटात आवाज सोडते. तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. आतल्या अवयवांवर आपटून तो परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटते. गर्भपिशवी, तिच्या दोन बाजूंचे बीजकोश आणि लघवीची पिशवी त्यात दिसते. एक्स-रेचे किरण यात नसतात. १९५८ साली ग्लासगो शहरातल्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी सोबत्यांसह या तपासणीवर लेख छापला. पुढे ती जगभर पसरली.

आता तयारी पाहू. तासभर आधी चार-पाच पेले पाणी प्या. मग लघवीला जाऊ नका. असे का बरे? आतड्यात वारा असतो. वाऱ्यातून हा आवाज नीट जात नाही, पाण्यातून जातो. लघवीची पिशवी भरली की आतडी बाजूला सरतात आणि मागची गर्भपिशवी स्पष्ट दिसते. पाणी कमी पिण्याचा सल्ला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वरच्या पोटाचीही तपासणी असेल, तर उपाशी बोलावतात. तेही विचारून घ्या.

कपडे सैल घाला. जुने कागद बरोबर न्या. पाळी कोणत्या तारखेला आली, ते लिहून न्या. आता तुम्हाला लिहिता येते!

खोलीत पोटावर थंड, बुळबुळीत जेल लावतात. कातडी आणि यंत्र यांत हवा राहू नये, म्हणून ते लावतात. मग यंत्राची मूठ पोटावरून फिरवतात. थोडे दाबल्यासारखे वाटते. पाव ते अर्ध्या तासात काम होते. दुखले तर सांगा.

कधी कधी योनीमार्गातून तपासावे लागते. तेव्हा लघवी करून यायला सांगतात. त्याला तुमची संमती लागते. जवळ बाई असावी, असे खुशाल सांगा.

बाई गरोदर असेल, तर मुलगा की मुलगी हे विचारू नका. १९९४ च्या कायद्याने ते विचारणे आणि सांगणे गुन्हा आहे.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पाळी बंद होऊन वर्ष झाले आणि पुन्हा अंगावरून जाऊ लागले, तर लाजू नका, थांबू नका. कारण साधेही असेल, पण कधी तो कॅन्सर असतो. लवकर कळला, तर बरे होण्याची आशा मोठी.

रिपोर्ट मिळाला की तो घेऊन डॉक्टरांकडे परत जा. कागद पेटीत ठेवून दुखणे बरे होत नाही.