परत आलेला नग



मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. वस्तू घडवणे वेगळे आणि कृती करणे वेगळे, हा त्याचा भेद आपण पाहिला. तेव्हा मागच्या रांगेतून एकांनी विचारले होते, "सर, हे सगळं ग्रीसचं झालं. आमच्या गल्लीतलं काही सांगा ना." ठीक आहे. आज गल्लीतच जाऊ.

जोगेश्वरीला पूर्वेकडे उतरा आणि मेघवाडीच्या किंवा बांद्रेकरवाडीच्या बाजूने दुपारी तीनच्या सुमारास चालत निघा. दारे अर्धी उघडी असतात. उंबऱ्याजवळ, जिथे उजेड येतो तिथे, एखादी बाई मांडीवर ताट घेऊन बसलेली दिसेल. ताटात मणी, खडे, साखळीचे तुकडे. राखीपौर्णिमेच्या आधी तिथेच रेशमी दोरे आणि चमकीची फुले येतात. शेजारी मालाड खोट्या दागिन्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या दागिन्यांतले कितीतरी नग अशा ताटांतून जातात. दुकानात हार घेताना आपल्याला कारखाना आठवतो, ताट आठवत नाही.

आता प्रश्न असा, की ही बाई कोण? कामगार, गृहिणी, की छोटी धंदेवाली? तिला विचाराल तर म्हणेल, "काही नाही हो, घरीच असते. बसल्या बसल्या थोडं करते." या 'काही नाही'चा अर्थ लावणे हेच आजचे काम.

आधी हिशोब करू. आकडे आपण समजण्यापुरते धरू. एक हार ओवायला ६ मिनिटे आणि डझनाला १२ रुपये. म्हणजे डझनाला ७२ मिनिटे, तासाला १० रुपये. दिवसात पाच डझन केले तर सहा तास आणि ६० रुपये. इथपर्यंत सगळ्यांना दिसते. पण माल आणायला आणि पोचवायला तास गेला. मापात न बसलेले चार हार परत आले, ते उसवून पुन्हा ओवण्यात अर्धा तास गेला. आता ६० रुपयांना भागायचे साडेसात तासांनी. ताशी ८ रुपये. वर दिव्याचे बिल तिचे, सुई तिची, बसायची जागा तिची. मुंबईत जागेचे भाडे काय असते हे तुम्हाला सांगायला नको! कारखानदाराला जो खर्च छपराखाली करावा लागला असता तो या घराने उचलला, आणि पावतीवर त्याची कुठेच नोंद नाही.

मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात नगावरच्या मजुरीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याचे म्हणणे साधे आहे. नगाचा दर हा वेळेच्या दराचेच बदललेले रूप असतो. वाटते की आपण वस्तूचे पैसे घेतो, प्रत्यक्षात वेळच विकलेली असते. दुसरे, नगावर मजुरी ठरली की मुकादमाची गरज बरीचशी संपते, कारण दरच मुकादमी करतो. कोणी 'चल, उरक' म्हणावे लागत नाही. बाई स्वतःच स्वतःला म्हणते. म्हणून तर हे काम घरी पाठवता येते.

पण मग मालक सुटतो कसा? तो म्हणतो, "मी कुठे तिच्यावर देखरेख करतो? ती तिच्या घरी, तिच्या वेळेला करते. ती माझी कामगार कशी?" वरवर पाहता तर्क बिनतोड आहे. देखरेख नाही, म्हणून नोकरी नाही.

या तर्काला उत्तर मिळाले ते विड्यांच्या धंद्यात. विडी वळणे हे मुख्यतः बायकांचे घरचे काम. १९६६ साली विडी-सिगार कामगारांसाठी कायदा झाला आणि त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले गेले. तरी भविष्यनिर्वाह निधी त्यांना लागू आहे का, हा वाद उरलाच. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ साली निकाल लागला. न्यायालयाने पाहिले की विड्या परत आणल्यावर त्या तपासल्या जातात आणि वाईट निघालेल्या नाकारल्या जातात. हा नाकारण्याचा हक्क म्हणजेच देखरेख. मालक घरात उभा नसेल, पण त्याचे माप घरात उभे आहे. म्हणून या बायका कामगारच, आणि फंडाचा हक्क त्यांना आहे.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा मोठा विचार आहे, मंडळी. आपण समजतो की सत्ता म्हणजे समोर उभा असलेला माणूस. न्यायालयाने सांगितले की सत्ता शेवटी येऊनही काम करते. परत आलेला नग बोलतो, "तुझ्यावर कोणाचा तरी अधिकार आहे." आणि जिथे अधिकार आहे तिथे जबाबदारीही असलीच पाहिजे.

ओळख मिळाल्याने काय होते ते सोलापुरात दिसते. कामगार म्हणून कार्ड, कामगार म्हणून संघटना, आणि त्या बळावर पुढे कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत. विडीचे काम आरोग्याला वाईट आहे, ते आम्ही झाकत नाही. पण मणी ओवणारीला आणि राखी बांधणारीला असा स्वतंत्र कायदा मिळाला नाही. १९४८च्या किमान वेतन कायद्यात घरी माल नेऊन तो बनवणारे, सजवणारे, दुरुस्त करणारे यांचा उल्लेख होता. पण तो कायदा यादीतल्याच उद्योगांना लागू होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी केल्या जाणाऱ्या कामासाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गृहाधारित कामगाराची व्याख्या आहे. व्याख्या झाली, हे चांगलेच. पण व्याख्येने दर ठरत नाही.

कोणी म्हणेल, मग घरचे काम बंदच करावे का? मुळीच नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत झाली. तिथेही पीठ घरी न्यायचे, पापड घरी लाटायचे, तपासून परत द्यायचे. नाकारण्याचा हक्क तिथेही आहे! फरक इतकाच, की लाटणारी सभासद आहे आणि नफ्यात तिचा वाटा आहे. म्हणजे दोष घराचा नाही. माप कोणाचे आणि त्या मापातून सुटलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न आहे.

व्याख्यानापूर्वी एका ताईंनी आम्हाला मोबाइलवरची जाहिरात दाखवली. 'घरबसल्या पॅकिंग करा, महिना हजारो कमवा, नोंदणी फी फक्त इतकी.' विचारत होत्या, "भरू का?" ताई, भरू नका. काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे पैसा जातो. उलट दिशेने मागितला, तर ते काम नव्हे, तुम्हीच गिऱ्हाईक आहात. आणि खरे काम मिळाले तरी तीन गोष्टी विचारा. एका नगाला प्रत्यक्ष किती वेळ लागतो, तो एकदा घड्याळ लावून मोजा. परत आलेल्या नगाचे नुकसान कोणाचे, ते आधी ठरवा. आणि दिलेला माल, घेतलेला माल एका वहीत लिहून समोरच्याची सही घ्या. कामगार असल्याचा पुरावा उद्या लागला, तर ती वहीच उपयोगी पडेल.

जाता जाता एक घरचे सांगतो. आमची आई जोगेश्वरीच्या चाळीत काज-बटण करायची. तयार शर्टांचे गठ्ठे यायचे. काजे ती हाताने घालायची, आम्ही भावंडे डब्याच्या झाकणात बटणे मापाप्रमाणे वेगळी करायचो. शनिवारी गठ्ठा पोचवायला आम्ही बरोबर जात असू. तिथला माणूस एकेक काज बोटाने ताणून बघायचा आणि दोन-तीन शर्ट बाजूला टाकायचा. आई काही बोलत नसे. रात्री तेच काज उसवून पुन्हा घालायची. आमची शाळेची फी त्या काजांतून गेली.

१९६८ साली कॉलेजचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, आईचा व्यवसाय. आम्ही लिहिले, 'काही नाही'. आई शेजारीच बसली होती, मांडीवर शर्ट. तिला वाचता येत होते. तिने वाचले, आणि 'अक्षर चांगलं आलंय' एवढेच म्हणाली.

पुढे श्रमाच्या तत्त्वज्ञानावर आम्ही पुष्कळ वाचले, शिकवलेही. तो रकाना मात्र दुरुस्त करायचा राहून गेला. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे ताट असेल, तर उद्या एखादा अर्ज भरताना 'गृहिणी' लिहिण्याआधी घरात एकदा विचारा. काय काम करता, आणि किती तास. उत्तर बहुधा 'काही नाही' असेच येईल. तरी दुसऱ्यांदा विचारा.

पुढच्या वेळी आपण मोबदला आणि दान यांतला फरक पाहू.