गाऱ्यातलं तणस, सिमेंटातला धागा

विदर्भातल्या कुही तालुक्यात जुन्या मातीच्या भिंतीचा कोपरा पडला की आतून तणस दिसतं. धानाचा पेंढा तोडून गाऱ्यात टाकायचा, पायांनी तुडवायचा, मुरू द्यायचा आणि मग भिंत उचलायची, अशी ही रीत. तणस घरचंच असे, पण फुकट मिळतं म्हणून ते घालत नसत. ओली माती वाळताना आकसते, आकसली की तडकते, आणि काड्या ती तडक जागच्या जागी धरून ठेवतात. आज सिमेंटात फायबर घालताना जे शास्त्र सांगितलं जातं, त्याचा गाभा हाच आहे.

ही जाण महाराष्ट्रात किती जुनी आहे, ते वेरूळ सांगतं. तिथल्या लेण्यांच्या मातीच्या लेपात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. अजिंठ्याच्या लेपात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांचं किडीने मोठं नुकसान केलं. म्हणजे कोणता तंतू घालायचा, यावरही लेपाचं आयुष्य ठरतं.

कुहीकडची घरं बदलली ती गेल्या तीन-चार दशकांत. २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे वैनगंगेच्या फुगवट्यामुळे तालुक्यातली कितीतरी गावं उठली आणि नव्या गावठाणांत वसली. जिथे धरणाचं पाणी पोचलं नाही, तिथेही कुडाच्या भिंती आणि कवेलू मागे पडून विटा, सिमेंट, स्लॅब आले. लोकांनी पक्कं घर मागितलं, त्यात काहीच चूक नव्हती. पण भिंतीतलं तणस गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. सिमेंट दाबाला बळकट आणि ताणाला दुबळं. कॉलम-बीमचा ताण सळई घेते, भिंतीच्या छपाईत, म्हणजे गिलाव्यात, मात्र सळई नसते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा उन्हात ताज्या छपाईतलं पाणी पहिल्या काही तासांतच उडतं आणि केसासारख्या भेगा पडतात. पावसाळ्यात ओल आत शिरते ती त्यांतूनच.

तंतू छपरावर मात्र आला, आणि जो नको होता तो आला. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी १९०० च्या सुमारास सिमेंटात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळून पत्रे काढायची पद्धत शोधली. हा खनिज तंतू सिमेंटात सडत नाही आणि त्याला घट्ट धरतो, म्हणून ‘सिमेंटचे पत्रे’ जगभर पसरले. त्याची धूळ फुफ्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी कर्करोग उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगारांच्या बाजूने निकाल दिला, अनेक देशांनी हा माल बंद केला, तरी आपल्याकडे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस आयात होत राहिलं. हे मला अक्षम्य वाटतं. जुना पत्रा काढताना तो कोरडा कापू नये, फोडू नये, आधी भिजवावा, एवढं तरी प्रत्येक मिस्त्रीला कुणीतरी सांगायला हवं.

कृत्रिम धाग्याची वाट वेगळी. अमेरिकेत १९६३ मध्ये रोमुआल्डी आणि बॅटसन यांनी जवळजवळ बसवलेल्या पोलादी तारांनी काँक्रीटमधली भेग कशी रोखली जाते, ते मांडलं. पुढे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टरचे धागे आले. सिमेंटच्या पोत्यामागे १२५ ग्रॅमची पुडी हे माप आता ठेकेदारांच्या ओळखीचं आहे. घनमीटरला सात पोती धरली तरी धागा एक किलोच्या आतच राहतो. एवढासा धागा सळईची जागा घेत नाही. काळ्या मातीत पाया हलून भिंत फाटली, तर तीही तो वाचवत नाही. आकसण्याच्या भेगा तो रोखतो, आणि छपाईला तेवढंच हवं असतं.

मग अंबाडी, सन, केकताड हे आपल्याच रानातले तंतू का नाहीत? अडचण खरी आहे. सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं; ते तंतूतलं लिग्निन खातं, आणि चुना तंतूच्या आत शिरून त्याला ठिसूळ करतो. स्वीडनच्या ग्राम यांनी १९८३ मध्येच हे तपशिलात दाखवलं होतं. उपायही माहीत आहे: सिमेंटचा काही वाटा कमी करून राख घालायची, म्हणजे मोकळा चुना तिच्यात खपतो. फ्लाय अ‍ॅश तर शेजारच्या मौद्याच्या एनटीपीसी केंद्रातून निघतेच. धानाच्या कोंड्याच्या राखेत, कोंडा नीट तापमानावर जाळला तर, बहुतांश सिलिका असते, आणि या पट्ट्यात राइस मिल ठिकठिकाणी आहेत. तंतू इथला, राख इथली, भेगाही इथल्याच.

सुरुवात घराच्या स्लॅबपासून करू नये. गोठ्याची फरशी, कुंपणाची भिंत, अंगणातले ब्लॉक यांवर आधी प्रयोग व्हावा. त्यांचे तुकडे ओले करून, पुन्हा उन्हात वाळवून, असे फेरे देत वर्ष-दोन वर्षांनी फोडून तपासावेत. अठ्ठावीस दिवसांची ताकद पाहून भागणार नाही, कारण तंतू कुजायला लागतो तो त्यानंतर.