हँडलच्या गरम मुठी आणि निफाडचा गारठा



गळीत हंगाम आणि थंडी आपल्याकडे जोडीनेच येतात. तोड आली की दिवस उजाडायच्या आत फडावर हजर व्हायचे, डेअरीला दूध घालायचे, रात्रपाळीची वीज असेल तर अपरात्री मोटर चालू करायला मळ्यात जायचे. हे सारे मोटारसायकलवर. आणि थंडी कुठली, तर निफाडची! डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा १.८ अंशांवर उतरला होता. अशा थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, वेलीची काळजी घेतली जाते. हँडल धरणाऱ्या बोटांकडे मात्र कोणी बघत नाही.

पारा ४ अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी चालवली, तर उघड्या कातडीला ती थंडी शून्याखाली २ अंशांसारखी लागते. चांदोरी-सायखेड्याच्या बाजूला नदीकाठचे धुके असले तर विचारूच नका. दहा-पंधरा मिनिटांत बोटं बधिर होतात, ब्रेकचा लिव्हर हाताला कळेनासा होतो. त्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. समोर उसाची ट्रॉली उभी, तिला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि आपला हात एक सेकंद उशिरा आवळला गेला, तर काय होते हे आपल्या भागात सांगायला नको. (ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा, हे याच अंकात पुन्हा एकदा सांगून ठेवतो.)

यावर थंड मुलखात एक उपाय आहे. रबरी मुठीच्या आत तापणारी तार बसवलेली असते. बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीच्या गाड्यांना अशा मुठी मागितल्या तर कारखान्यातूनच बसून येतात. आपल्याकडे त्या सुट्या मिळतात. पण वस्तू मिळते म्हणून लगेच घेऊ नये. आधी आपल्या गाडीची वीज तपासावी.

दोन्ही मुठी मिळून साधारण ३० ते ४० वॅट घेतात, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर. १०० सी.सी. गाडीची बॅटरी असते जेमतेम ३ अँपिअर-तासांची. इंजिन बंद ठेवून मुठी तापवत बसलात तर तासाच्या आतच ती बसेल. जुनी राजदूत किंवा येझदी अजून ६ व्होल्टवर चालवणारे काही हौशी सभासद आहेत. त्यांना १२ व्होल्टच्या मुठीतून चौथाईच ऊब मिळेल, त्यांनी या फंदात पडू नये. इतरांनी मेस्त्रीकडून मीटर लावून पाहावे. नेहमीच्या वेगाइतकी रेस, हेडलाइट चालू, मुठी चालू, अशा वेळी बॅटरीवर साडेतेरा व्होल्टच्या आसपास दिसले तर चिंता नाही. साडेबाराच्या खाली आले तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते आहे असे समजावे.

बसवताना खरी मेख उजव्या हाताला आहे. रेसची मूठ फिरते, म्हणून तिच्या वायरला पुरेशी ढील हवी. पूर्ण रेस दिली तरी वायर ताणू नये आणि हात सोडताच मूठ झटकन मागे यावी. मूठ अडकली तर गरम हातांचा काय उपयोग? हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवूनही वायर चिमटत नाही ना, ते बघावे. वीज रिलेमधून, चावी चालू असतानाच मिळेल अशी घ्यावी आणि बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज टाकावा. हेडलाइटच्या वायरला टोचून जोड देणारा फिटर भेटला तर त्याला नमस्कार करून दुसरीकडे जावे. चिकटवलेली मूठ रात्रभर सुकू द्यावी. डावी मूठ थोडी कमी तापते असे वाटेल. ती थेट लोखंडी नळीवर असते, नळी ऊब ओढून घेते. उजवीकडे मध्ये प्लास्टिकची नळी असते.

मुठी तळहाताला ऊब देतात, वारा मात्र बोटांच्या पाठीवर बसतो. म्हणून हँडलला रेक्झिनचे खोळीसारखे कव्हर हवेच. दूधवाले मंडळी ते कधीपासून वापरतात. आमचे मत विचाराल, तर ज्याची फेरी चार-पाच किलोमीटरची आहे त्याला ते कव्हर आणि हातमोजे पुरेत. रोज पहाटे पिंपळगाव नाहीतर लासलगाव गाठणाऱ्याने मुठींचा विचार करावा. मधुमेह असलेल्यांनी बटन कमीवरच ठेवावे, कारण बधिर हाताला चटका कळत नाही.

थंडी सरली की बटन बंद ठेवावे. पावसाळ्यापूर्वी जोड उघडून पाहावेत. गाडी धुताना शिरलेल्या पाण्याने तिथे हिरवा गंज धरतो.