कोणी लिहिले, कधी लिहिले?

सातवीच्या वर्गाला 'शिवराज्याभिषेक' हा विषय देऊन प्रकल्प करायला सांगितला, की आठवड्याभरात सुबक फायली जमा होतात. दुकानातून आणलेली चित्रे, मोबाइलवरून उतरवून काढलेला मजकूर, भोवती रंगीत पट्ट्यांची चौकट. मुलांनी कष्ट घेतलेले असतात; पण त्यात शोध नसतो. कारण आपण त्यांना विषय दिलेला असतो, प्रश्न दिलेला नसतो.

म्हणून आधी प्रश्न द्यावा: ६ जून १६७४ रोजी रायगडावर काय घडले, हे आपल्याला कोणामुळे कळते? मग फळ्यावर तीन नावे लिहावीत. पहिले हेन्री ऑक्झेंडन. हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील त्या समारंभाला हजर होता आणि पाहिलेले त्याने तेव्हाच टिपून ठेवले. दुसरे कृष्णाजी अनंत सभासद. ते महाराजांच्या पदरी होते, पण त्यांनी बखर लिहिली ती वीसेक वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीला. तिसरे मल्हार रामराव चिटणीस. त्यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची.

तिघांचे दहा-बारा ओळींचे उतारे शिक्षकाने सोप्या मराठीत करून द्यावेत. मुलांनी पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या कापायच्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, तीही स्वतःच्या शब्दांत. कोपऱ्यात लेखक, साल आणि पान. खाली 'पाहून' की 'ऐकून'. पहिल्या तासाला मुले कंटाळतात. तरी हा टप्पा गाळू नये, कारण उतरवून काढण्याची सवय मोडते ती इथेच.

ऑक्झेंडनला राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती दिसले. इतक्या अवघड वाटेने ते वर कसे आले असतील, याचे त्यालाही नवल वाटले. वर्गात इथे हमखास गलका होतो, तो होऊ द्यावा. कोणी म्हणेल, पिल्ले असतानाच वर नेली असतील. ही कल्पना चांगली आहे, पण तिची चिठ्ठी वेगळ्या रंगाची आणि तिच्यावर शब्द लिहायचा 'अंदाज'.

सर्वांत जास्त वेळ मात्र सिंहासनाला द्यावा. सभासदाने ते बत्तीस मण सोन्याचे म्हटले आहे. मण म्हणजे किती? घरी आजी-आजोबांना विचारून या, असे सांगितले की उत्तरे येतात ती वेगवेगळी, आणि ते बरोबरच आहे. मण प्रांताप्रांतात निराळा होता. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे साधारण पावणेतेरा किलोंचा; बंगालचा सुमारे ३७ किलोंचा. पहिल्याने गुणले तर सिंहासन ४०० किलोंच्या आसपास येते, दुसऱ्याने जवळजवळ १,२०० किलो. आकडा एकच, पण माप कोणते धरले यावर उत्तर तिपटीने बदलते. शिवाय ही दोन्ही मापे नंतरची. सभासदाच्या मनातला मण कोणता, हा प्रश्न उरतोच. मुलांनी तो आपल्या प्रकल्पात तसाच लिहावा. उत्तर सापडले नाही म्हणून गुण कापले, तर पुढच्या वेळी ती उत्तर बनवून आणतील.

इंटरनेटला बंदी घालण्याची गरज नाही. तिथल्या मजकुरालाही हेच विचारायचे: कोणी लिहिले, कधी लिहिले, त्याला कसे कळले? लेखकाचे नाव आणि आधार दोन्ही नसतील, तर ती चिठ्ठी बाजूला ठेवायची.

शेवटी लेखन. दोन पाने पुरेत. प्रत्येक वाक्यामागे कोणती चिठ्ठी आहे, हे मुलाला दाखवता आले पाहिजे. चिठ्ठी नसेल तर वाक्य खोडायचे, नाहीतर त्याआधी 'आमचा अंदाज' असे लिहायचे.

या सगळ्याला पाच-सहा तासिका लागतात आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. शिक्षकांना एकच विनंती: तपासताना फाइलीआधी चिठ्ठ्या मागून घ्या, आणि निम्मे गुण त्यांच्यासाठी राखून ठेवा.