बायपासची तारीख मिळाली, झोप मात्र उडाली!

'बायपास करावी लागेल' हे शब्द कानी पडले की रुग्णाचीच नव्हे, तर साऱ्या घराची झोप उडते. एकेकाळी या शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. आता ती आपल्या नगर शहरात आणि शिर्डीतही होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेकांचा खर्चही भागतो. तरी तपासण्या, मंजुरी आणि तारीख यांत काही दिवस, कधी आठवडे जातात. या काळात 'डॉक्टर, झोपेची गोळी लिहून द्या' ही मागणी मी नेहमी ऐकतो.

गोळी देण्यापूर्वी झोप का येत नाही, हे पाहावे लागते. राहुरीकडील एका साठीच्या शेतकऱ्यांना त्यांच्या मुलाने आणले. 'बाबांनी ऑपरेशनचा धसका घेतलाय,' असे तो म्हणाला. विचारपूस केल्यावर कळले, की आडवे होताच त्यांना दम लागे. तीन उशा घेऊन, भिंतीला टेकून ते रात्र काढीत. पायांवर सूजही होती. हा धसका नव्हता. हृदय कमी पडल्याने फुप्फुसांत पाणी साठत होते. त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले.

म्हणून पुढील गोष्टी लपवू नका :

* आडवे होताच दम लागणे किंवा रात्री गुदमरून जाग येणे.
* जोरात घोरणे व मध्येच श्वास थांबणे. हे भूलतज्ज्ञांनाही सांगा. अशा रुग्णाला झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते.
* लघवीसाठी वारंवार उठणे. लघवीची गोळी सकाळी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.
* विश्रांतीतही छातीत दुखणे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करा.

यांपैकी काहीच नसेल, तर बहुधा ती भीतीच असते. भीती वाटण्यात कमीपणा नाही. मनातले प्रश्न कागदावर लिहून दिवसा डॉक्टरांना विचारा. दुपारनंतर चहा नको; तंबाखू, मिश्री आणि दारू तर नकोच. भेटीला येणाऱ्यांनी रात्री रुग्णाच्या उशाशी बसून इतरांच्या ऑपरेशनच्या कहाण्या सांगू नयेत. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये आणि हृदयाची औषधे मनाने बंद करू नयेत.

शस्त्रक्रियेआधी झोप बिघडलेल्यांना नंतर वेदना अधिक जाणवतात, असे अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा तपासणीला जाताना रिपोर्टांची फाईल न्याच; पण रात्र कशी गेली, हेही डॉक्टरांना सांगा.